तळं राखणाऱ्याला पाणी चाखू द्या : शाश्वत विकासाच्या पुढची गोष्ट

पूर्व विदर्भात, मुख्यतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत, सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव; मालगुजार म्हणजे ब्रिटिश अमलात गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार हेरून, मातीची पाळ घालून ते बांधले. नवेगावबांधच्या मोठ्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचं नाव आजही जोडलेलं आहे. धानाची शेती, जनावरांचं पाणी, मासे, शिंगाडे, सगळं या तलावांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे शेतालगतच्या छोट्या तळ्यांच्या, जिवावर चालायचं.

यातले बरेच तलाव आजही जागेवर आहेत. पाळ आहे, पावसाळ्यात पाणी साठतं, गावात मच्छीमारांची सहकारी संस्था आहे, ती दरवर्षी मत्स्यबीज सोडते आणि मासे काढून विकते. कागदावर सगळं व्यवस्थित टिकलेलं दिसतं. जवळ जाऊन पाहिलं की काठाने बेशरम या झुडपाचं रान माजलेलं असतं, पाणी गढूळ असतं, तळाशी गाळाचा थर, पाणवनस्पती नावालाही नाहीत. म्हाताऱ्या माणसांना ज्यांची नावं तोंडपाठ आहेत ते गावठी मासे जाळ्यात येईनासे झालेत.

तलाव टिकला आणि तलाव जगला, या दोन गोष्टींतलं अंतर समजून घेण्यासाठी हा लेख आहे. कित्येक वर्षं आपण ‘शाश्वत विकास’ हे शब्द ऐकत आलो. आता पर्यावरणाचं काम करणारे अनेक जण म्हणू लागलेत की आहे ते टिकवणं पुरेसं नाही. जे मोडलं ते पुन्हा जिवंत करायला हवं, आणि ते करताना न्याय सुटता कामा नये, कुणी बाहेर राहता कामा नये. अशी वाक्यं परिषदेच्या ठरावात खपून जातात. गावच्या तलावावर त्यांचा नेमका अर्थ काय होतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

टिकवायचं, पण कुठलं?

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, ती अजून शाळेच्या पुस्तकांत आहे : पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता कमी न करता आजच्या पिढीच्या गरजा भागवणं. विचार चांगला होता आणि त्या काळी धाडसाचाही होता. आपल्या भाषेत सांगायचं तर व्याजावर जगा, मुद्दलाला हात लावू नका.

अडचण अशी की बहुतेक ठिकाणी मुद्दल आधीच खर्च झालेलं आहे. ज्या डोंगरावरची माती वाहून गेली, तो डोंगर आज आहे तसा ‘टिकवला’ तर आपण फक्त उघडा खडक टिकवू. ज्या नदीत वर्षाचे आठ महिने सांडपाणीच वाहतं, तिची आजची अवस्था आणखी बिघडू न देणं हे ध्येय फारच तोकडं आहे. शिवाय प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहते त्यालाच ‘मूळचं’ समजते. आजोबांनी काठावर कमळं पाहिलेली असतात, बापाने थोडं शेवाळ पाहिलेलं असतं, नातवाला बेशरमीची जांभळट फुलं हीच तलावाची शोभा वाटते. टिकवण्याची रेष अशी पिढीगणिक खाली सरकत जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून पुनरुज्जीवनाची भाषा आली. मातीत पुन्हा ओल धरून ठेवण्याची ताकद यावी, पाण्यात पुन्हा अन्नसाखळी उभी राहावी, जंगलात बाहेरून रोपं न आणता रोपं उगवावीत. थोडक्यात, त्या जागेने स्वतःला स्वतः नवं करत राहावं, इथपर्यंत तिला नेऊन सोडायचं. माणसाने कायम सलाईन लावून ठेवायचं नाही.

जागतिक पातळीवर याला पाठबळ मिळालं आहे. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी जाहीर केलं आहे. त्याच्याही आधी, २०११ साली, जर्मनीतल्या बॉन शहरात उजाड जमिनी पुन्हा हिरव्या करण्याचं एक जागतिक आवाहन झालं. त्यात भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन सुधारण्याचा शब्द दिला आहे. पैसा आहे, उद्दिष्टं आहेत, अहवाल आहेत. इथूनच खरी गुंतागुंत सुरू होते.

हिरवं दिसलं म्हणजे झालं, असं नाही

बॉन आवाहनाला प्रतिसाद म्हणून देशांनी जी आश्वासनं दिली, ती संशोधकांनी २०१९ साली तपासली. सुमारे ४५ टक्के क्षेत्रावर नैसर्गिक जंगल परत आणायचंच नव्हतं. व्यापारी झाडांची लागवड करायची होती. म्हणजे निलगिरी, अकेशिया किंवा तत्सम एका जातीची झाडं ओळीने लावायची, काही वर्षांनी तोडायची, पुन्हा लावायची. उपग्रहातून पाहिलं तर तीही हिरवीच दिसतात.

हे आपल्याला नवं नाही. राज्याचं वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झालं आणि विदर्भात अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून त्या जागी साग लावला गेला. सागाला बाजारात किंमत आहे हे खरं. पण मिश्र जंगलात मोहाची फुलं होती, तेंदूची फळं होती, चारोळी होती, हिरडा-बेहडा होता, पावसाळ्यात कंद आणि रानभाज्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे उठून मोहफुलं वेचणाऱ्या बाईसाठी ते जंगल म्हणजे चार महिन्यांचा किराणा होता. सागाच्या रोपवनात तिला वेचण्यासारखं फार काही नसतं. नोंदीत मात्र तिथे जंगल होतं आणि जंगलच आहे.

धरण, खाण, रस्ता यांसाठी जंगल गेलं की त्याची भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावायची, असा नियम आहे. त्यासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि २०१९ मध्ये केंद्राने या निधीतले ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना दिले. ही भरपाईची झाडं लावायची कुठे? ‘रिकामी’ जमीन शोधली जाते. ती जमीन कागदावर रिकामी असते. प्रत्यक्षात तिथे कुणाची जनावरं चरत असतात, कुणी पिढ्यान्‌पिढ्या थोडी कोदो-कुटकी पेरत असतं, कुणाचा वनहक्काचा दावा कचेरीत पडून असतो. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात हेच माळरानांबाबत होतं. माळरान हे उजाड झालेलं जंगल नव्हे. गवत, खुरटी झुडपं, लांडगे, चंडोल, माळढोक यांचा तो स्वतःचा संसार आहे आणि धनगरांच्या मेंढ्या त्या संसाराचा भाग आहेत. तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावलं की एक जिवंत परिसंस्था मोडते आणि मेंढपाळाची वाट बंद होते. दोन्ही नुकसानं एकाच कुदळीने होतात.

राज्यात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. आकडा डोळे दिपवणारा होता. मला अशा मोहिमांबद्दल नेहमी एकच विचारावंसं वाटतं : तिसऱ्या उन्हाळ्यात त्या झाडाला पाणी कोण घालणार, त्याच्याभोवतीचं गवत कुणाचं, आणि पुढे त्याची फळं कुणाच्या घरी जाणार? ही तीन उत्तरं ठरलेली नसली तर रोप सहसा दुसरा मार्चही पाहत नाही.

तलावात नेमकं काय मोडलं

पुन्हा मामा तलावांकडे येऊ, कारण बिघाड कसा होतो आणि दुरुस्ती कशी होते, दोन्ही तिथे डोळ्यांनी पाहता येतं.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. ती पद्धत म्हणजे काही रामराज्य नव्हतं. मालगुजाराचा धाक होता, फुकट राबवून घेणं होतं. ती गेली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर तलावाची वर्षभराची देखभालही गेली. तलाव सरकारी झाले, पुढे आकारमानाप्रमाणे जिल्हा परिषद आणि पाटबंधारे खातं यांच्यात वाटले गेले. पाळ एका खात्याची, पाणी दुसऱ्याच्या हिशेबात, मासे तिसऱ्याच्या ठेक्यात. गाव तेवढं मधून निसटलं. पाळीला भगदाड पडलं तर कुणी टोपलीभर माती टाकायची, हे पूर्वी सांगावं लागत नव्हतं. आता अर्ज करावा लागतो.

मग आले बाहेरचे मासे. कटला, रोहू, मृगळ हे मोठे होणारे, चांगला भाव मिळवणारे मासे. त्यांचं मत्स्यबीज सरकारी योजनेतून मिळू लागलं आणि संस्थांचं उत्पन्न वाढलं. यात एक मेख आहे. हे तिन्ही मूळचे नद्यांमधले मासे आहेत. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं, सोडावं लागतं, मोठं झालं की काढावं लागतं. ज्या वर्षी पैसे नाहीत त्या वर्षी मासे नाहीत. शिवाय त्यांच्या जोडीला ग्रास कार्प आला, जो पाणवनस्पती फस्त करतो, आणि कॉमन कार्प आला, जो तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, आणि ऊन पोचलं नाही की बुडालेल्या वनस्पती मरतात.

गावठी मासा वेगळा जगतो. मरळ घ्या. काठालगतच्या वनस्पतींमध्ये जागा साफ करून तो अंडी घालतो आणि पिल्लं बाहेर आल्यावर त्यांची राखण करतो. लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर हलताना दिसला की खाली मरळ आहे हे जाणत्या माणसाला लगेच कळतं. इतर कितीतरी छोटे मासे पहिल्या जोराच्या पावसात उलट्या प्रवाहाने चढत धानाच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांपर्यंत, जातात, तिथल्या उथळ कोमट पाण्यात अंडी घालतात, आणि पाणी उतरू लागलं की पिल्लं तलावात येतात. या सगळ्याला कुणी बीज पुरवावं लागत नाही. फक्त काठ उथळ हवा, वनस्पती हव्यात आणि येण्याजाण्याची वाट मोकळी हवी.

नेमकं हेच तिन्ही गेलं. वनस्पती ग्रास कार्पने आणि गढूळपणाने गेल्या. वाटा नव्या भिंतींनी, रस्त्यांनी अडल्या. काठ गेला तो दोन गोष्टींमुळे. एक, बेशरम. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तिचा तुटलेला दांडा चिखलात पडला की तिथेच मूळ धरतो. दुसरी गोष्ट म्हणजे गाळ काढण्याची पद्धत. गाळ काढायलाच हवा, आणि पूर्वी शेतकरी तो बैलगाडीने नेऊन शेतात टाकायचे. पण जेसीबी लावून काठापासूनच सरळ खोल खणत गेलं की तलावाचा उतार जातो आणि उभ्या कडांचा खड्डा तयार होतो. अशा खड्ड्यात पाणी जास्त मावतं, घनमीटरचा हिशेब छान येतो. मात्र गुडघाभर पाण्याची ती पट्टी नाहीशी होते, जिथे वनस्पती रुजतात, मासे अंडी घालतात, कमळपक्षी चालतो आणि सारस घरटं बांधतो. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या या धानपट्ट्यातच उरले आहेत, तेही काही डझनच. ही पट्टी त्यांच्यासाठी किती मोलाची आहे हे यावरून कळावं.

ढिवरांना जे माहीत होतं

या तलावांवर मासेमारी करून जगणारा समाज ढिवर. बहुतेक कुटुंबांकडे जमीन नाही, असली तर तुकडा. तलाव हीच शेती. तलाव रोडावला की पोरं कामाला परराज्यांत जातात.

भंडाऱ्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळातले त्यांचे सोबती यांनी ढिवरांच्या बरोबर बसून तलावांचा अभ्यास सुरू केला. तज्ज्ञांनी आराखडा आणून गावाला समजावून सांगायचा, ही नेहमीची रीत. इथे उलट झालं. कोणता मासा कुठल्या वनस्पतीच्या आसऱ्याला राहतो, काय खातो, कधी चढतो, कुठल्या तलावात कुठली वनस्पती अजून शिल्लक आहे, हे ढिवर सांगत होते आणि बाकीचे लिहून घेत होते. प्रयोगशाळेत न मिळणारी ही माहिती होती, आणि तोवर ती कुणी विचारलेलीच नव्हती. अर्जुनी मोरगाव तालुक्यात निमगावच्या तलावावर काम झालं आणि मग ते इतर गावांत गेलं.

कामाची पद्धत थोडी तपशिलात सांगतो. उन्हाळ्यात पाणी आटून तळ उघडा पडला की आधी बेशरम मुळासकट काढायची. नुसती छाटली तर पावसात दुपटीने येते. तळाचा काही भाग नांगरायचा, म्हणजे घट्ट झालेला थर मोकळा होतो आणि मुळांना शिरकाव मिळतो. पाऊस पडून थोडं पाणी साठलं की ज्या तलावात चांगल्या वनस्पती शिल्लक आहेत तिथून रोपं मुळांसकट आणायची आणि चिखलात हाताने लावायची, जवळजवळ धानाच्या रोवणीसारखी. लावतानाही जागा ठरलेली : काही वनस्पती पूर्ण पाण्याखाली वाढणाऱ्या, त्या खोल भागात; काहींची मुळं तळाशी आणि पानं पृष्ठभागावर, त्या मधल्या पट्टीत; आणि कधी पाण्यात कधी कोरड्यात राहणाऱ्या, त्या काठाला. पहिल्या वर्षी जनावरांपासून राखण करावी लागते. वनस्पती खाणारे मासे सोडायचे नाहीत हे ओघाने आलंच.

मग तलाव आपलं आपण काम करू लागतो. वनस्पतींमुळे गाळ खाली बसतो, पाणी निवळतं, ऊन आत जातं, पाण्यातले किडे-गोगलगायी वाढतात, त्यांच्यामागे मासे येतात, माशांमागे पक्षी. गावठी माशांचं बीज कुणी आणून टाकलेलं नसतं. थोडे उरलेले असतात, त्यांना जागा मिळते. सोडलेल्या कटला-रोहूलाही खायला जास्त मिळतं, त्यामुळे संस्थेचं उत्पन्न बुडत नाही. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गरीब माणसाला ‘चार वर्षं थांब, निसर्ग सुधारतोय’ असं सांगण्याचा हक्क कुणालाच नाही.

यात बायकांची बाजू वेगळी सांगायला हवी. ढिवर बायका काठाच्या उथळ पाण्यात छोटे मासे धरतात आणि टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकतात. म्हणजे काठ बिघडला की पहिला फटका त्यांना. पण संस्थेच्या सभासदांची यादी पाहिली तर वर्षानुवर्षं पुरुषांचीच नावं. पुनरुज्जीवनाच्या कामात बायका पुढे आल्या, बचत गट उभे राहिले, तलावाचं काम रोजगार हमीत घ्या म्हणून त्या ग्रामसभेत उभ्या राहून बोलू लागल्या. तलाव सुधारला आणि मिळकत मात्र पूर्वीच्याच यादीप्रमाणे वाटली गेली, असं झालं तर काम अर्धंच झालं म्हणायचं.

न्याय हा वरून शिंपडायचा मसाला नाही

‘सर्वसमावेशक’ हा शब्द अनेकदा शेवटच्या परिच्छेदात येतो. आधी योजना, मग निधी, मग यंत्रं, आणि मग स्थानिकांचा सहभागही घेण्यात येईल. माझं म्हणणं असं की क्रम उलटा असल्याशिवाय निसर्गाचं कामही नीट होत नाही. ज्याला पुढच्या वर्षी ठेका मिळेल की नाही माहीत नाही, तो यंदाच जितके निघतील तितके मासे काढणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही, आपणही तेच केलं असतं. ज्याला खात्री आहे की हा तलाव आपल्या मुलांचाही आहे, तोच पावसाच्या सुरुवातीला अंड्यांनी भरलेली मरळ सोडून देईल.

तलावातल्या तलावातही हितसंबंध असतात. धान उत्पादकाला शेवटच्या पाण्याची गरज असते तेव्हा तो तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायला सांगतो. ढिवराला उन्हाळ्यात मासे जगवण्यापुरतं पाणी तळाशी हवं असतं. गावात जमीनवाल्याचा आवाज मोठा. इथे ‘गावाने मिळून ठरवलं’ म्हणजे बहुतेक वेळा जमीनवाल्यांनी ठरवलं. किती पाणी राखायचं ही रेषा आधी आखून घेणं, तिचा दगड रोवणं, हे पुनरुज्जीवनाच्या आराखड्यात सगळ्यात वर असायला हवं.

भूमिहीनाला पाण्यात वाटा देता येतो का? महाराष्ट्राने हे करून दाखवलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणलोटाचं काम केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम क्रांतिकारक होता : पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही, कारण एकट्या उसाने दहा जणांचं पाणी प्यायलं असतं. पुढे आदर्श गावांच्या अनेक गोष्टी झाल्या, पाणी अडवण्याच्या स्पर्धाही झाल्या. त्यांत चांगलं काम पुष्कळ झालं. पण अडवलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती, हा पाणी पंचायतीने विचारलेला प्रश्न फार थोड्यांनी पुन्हा विचारला. चराईबंदी केली की डोंगर हिरवा होतो हे खरं, पण त्या बंदीची किंमत आधी दोन शेळ्यांवर जगणारी विधवा मोजते आणि वाढलेलं पाणी विहीरवाल्याच्या विहिरीत उतरतं.

जंगलाच्या बाबतीत कायद्याने एक मोठी वाट उघडली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचं संरक्षण, संवर्धन, व्यवस्थापन आणि पुनर्निर्माण करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा अधिकार मिळाला. गावचे नेते देवाजी तोफा, त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याआधी कितीतरी वर्षं जगून दाखवली होती. पूर्वी इथला बांबू कागद कारखान्याला जायचा आणि गावाच्या हाती तोडणीची मजुरी यायची. अधिकारपत्र मिळाल्यावरही वाहतूक परवान्याचा अडसर होता. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. किती तोडायचा, कुठला भाग विश्रांतीला सोडायचा, हे आता बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने ठरतं.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने त्याच कायद्याखाली २०१२ मध्ये हक्क मिळवला आणि एक निर्णय घेतला जो कुठल्याही खात्याला घ्यायला जड गेला असता. तेंदूपत्ता तोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. तेंदूपत्ता म्हणजे रोख पैसा. पण पानं चांगली फुटावीत म्हणून फांद्या छाटतात, जंगलाला आग लावतात. फळं धरत नाहीत, नवी रोपं जळतात. बांबूतून मिळकत येते तर हा पैसा सोडू, जंगल उगवू दे, असा त्यांचा हिशेब. आगीपासून जंगल वाचलं की अशा पानझडी जंगलात बाहेरून रोपं आणावी लागत नाहीत; जमिनीखाली जिवंत असलेली जुनी मुळंच पुन्हा फुटतात. गावाने जंगलाचा एक भाग देवराईसारखा अजिबात न तोडण्यासाठीही राखून ठेवला आहे. ज्या लोकांवर ‘जंगल तोडणारे’ असा शिक्का होता त्यांनी हे केलं, हे मी मुद्दाम नोंदवतो.

याच कायद्यात गावाच्या पाणवठ्यांतल्या मासळीवरच्या सामूहिक हक्काचाही उल्लेख आहे. मग ढिवरांना तो का मिळू नये? अडचण इथे आहे : ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातीत येतात. त्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून त्या जंगलावर विसंबून असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या नावावर जमीन नाही, ज्यांचं कुठल्याही सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांनी १९३० चा कागद कुठून आणायचा? जुनी निस्तारपत्रकं (गावाच्या जंगल-पाणी वापराच्या हक्कांची नोंद), मालगुजारीच्या नोंदी, गावातल्या वृद्धांचे जबाब हे पुरावे चालू शकतात. ते शोधायला, तालुक्याच्या अभिलेख कक्षातून नकला काढायला कुणीतरी बरोबर जावं लागतं. आणि जे तलाव वनक्षेत्राबाहेर आहेत, तिथे हा कायदाही पोचत नाही. तिथे सगळं मासेमारीच्या ठेक्यावर अवलंबून आहे.

म्हणून मामा तलावांच्या दुरुस्तीसाठी निधी जाहीर झाला की मी पाळीच्या दगडी पिचिंगचा, म्हणजे दगडी अस्तराचा, आणि गाळाच्या घनमीटरचा आकडा शेवटी वाचतो. आधी पाहतो ते एवढंच : काठाचा उतार राखणार का, बेशरम मुळापासून काढण्याची मजुरी अंदाजपत्रकात धरली आहे का, उन्हाळ्यात किती पाणी तळाशी ठेवायचं हे लिहिलं आहे का, आणि ठेका स्थानिक ढिवर संस्थेला किती वर्षांसाठी आहे, त्या संस्थेच्या यादीत बायकांची नावं किती आहेत. ग्रामसभेत हे पाच प्रश्न विचारायला कुठल्याही पदवीची गरज लागत नाही. अंदाजपत्रकाची प्रत मागायची, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.